चाळिसांतली दहा

ईगल्स या अमेरिकी बँडचा ‘देअर ग्रेटेस्ट हिट्स १९७१–१९७५’ हा अल्बम १७ फेब्रुवारी १९७६ रोजी बाजारात आला. त्याच महिन्याच्या २४ तारखेला त्याला ‘प्लॅटिनम’ प्रमाणपत्र मिळाले. दहा लाख प्रतींचा हा दर्जा अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने त्याच वर्षी सुरू केला होता आणि तो मिळवणारा हा पहिला अल्बम. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच संघटनेने पुन्हा मोजदाद केली तेव्हा आकडा ३ कोटी ८० लाखांवर पोचला होता. मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ला मागे टाकून तो अमेरिकेत सर्वाधिक खपाचा अल्बम ठरला. रॉकवर गंभीरपणे लिहिणारी मंडळी मात्र अशा संकलनांना सहसा हात लावत नाहीत. त्यांच्या लेखी मूळ अल्बम म्हणजे कलाकृती आणि ‘ग्रेटेस्ट हिट्स’ म्हणजे दुकानदारी. ज्याला चार अल्बम घ्यायचे नाहीत त्याने हा एक घ्यावा, एवढीच त्याची किंमत.

ही विभागणी मला अपुरी वाटते. संकलन हे संपादन असते, आणि संपादनात अर्थ घडतो तसा बिघडतोही. १९७२ ते १९७५ या चार वर्षांत ईगल्सचे चार अल्बम निघाले: ‘ईगल्स’, ‘डेस्पेराडो’, ‘ऑन द बॉर्डर’ आणि ‘वन ऑफ दीज नाइट्स’. त्यांत अनुक्रमे दहा, अकरा, दहा आणि नऊ अशा एकूण चाळीस रचना आहेत. संकलनात त्यांतल्या दहा आल्या, तीस बाहेर राहिल्या. पुढच्या पन्नास वर्षांत जगाने ज्याला ईगल्सचा सुरुवातीचा काळ म्हणून ओळखले, तो बहुतांशी या दहा गाण्यांचा काळ आहे. म्हणून या दहांची निवड कशी झाली, ती कोणत्या क्रमाने लावली गेली आणि उरलेल्या तिसांबरोबर नेमके काय मागे पडले, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

सुरुवात शीर्षकापासून करू. त्यातले १९७१ हे बँड स्थापन झाल्याचे वर्ष. या दहांपैकी एकही गाणे त्या वर्षी प्रसिद्ध झालेले नव्हते. ‘टेक इट ईझी’ हे पहिले सिंगल, म्हणजे छोट्या तबकडीवर सुटे निघालेले गाणे, मे १९७२ मधले. ‘हिट्स’ हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. बिलबोर्डच्या क्रमवारीत ‘बेस्ट ऑफ माय लव्ह’ आणि ‘वन ऑफ दीज नाइट्स’ पहिल्या क्रमांकावर गेली, ‘लाइन आइज’ दुसऱ्या, ‘टेक इट टू द लिमिट’ चौथ्या आणि ‘विची वुमन’ नवव्या. इथपर्यंत शीर्षक खरे आहे. पण ‘टकीला सनराइज’ ६४ व्या क्रमांकाच्या वर कधी गेले नाही, आणि ‘डेस्पेराडो’ तर ईगल्सचे सिंगल म्हणून कधी निघालेच नाही. उलट ‘आउटलॉ मॅन’ हे त्याच ‘डेस्पेराडो’ अल्बममधले गाणे ५९ व्या क्रमांकापर्यंत गेले होते, तरी ते वगळले गेले. केवळ क्रमवारी पाहून निवड झाली असती तर ‘आउटलॉ मॅन’ आत आले असते आणि ‘डेस्पेराडो’ला जागाच मिळाली नसती. म्हणजे इथे बेरजेपलीकडचे काहीतरी घडले आहे. कोणते गाणे चालले यापेक्षा कोणते गाणे दुसऱ्याशेजारी शोभेल, हे कुणाच्या तरी कानाने ठरवले आहे.

बँडची स्वतःची या प्रकाराला मनापासून संमती नव्हती. डॉन हेन्लीने पुढे अनेकदा आपली नाराजी बोलून दाखवली. कंपनीला तिमाही हिशेबासाठी माल हवा होता, आणि गाणी मूळ अल्बममधून उचलल्यामुळे त्यांचा संदर्भ तुटला, असे त्याचे म्हणणे. हेन्लीची तक्रार कलावंताच्या बाजूने रास्त आहे. पण तेवढ्यावर थांबलो तर ऐकणाऱ्याच्या बाजूने काय घडले हे कळत नाही. संदर्भ तुटला की गाणे निराधार होऊन पडत नाही. शेजारच्या गाण्याशी त्याचा नवा संबंध जुळतो. हा नवा संबंध ऐकायचा तर तबकडी पहिल्या बाजूपासून लावली पाहिजे.

पहिली बाजू ‘टेक इट ईझी’ने उघडते. जॅक्सन ब्राउनने हे गाणे लिहायला घेतले होते आणि ते मध्येच अडले होते. त्या वेळी लॉस एंजेलिसमध्ये त्याच इमारतीत राहणाऱ्या ग्लेन फ्रायने ते पूर्ण केले. ॲरिझोनातल्या विन्स्लो गावाच्या कोपऱ्यावर उभा असलेला माणूस ब्राउनचा, आणि समोरून जाणारी मालवाहू गाडी फ्रायची. (त्या गावाने पुढे खरोखरच एक कोपरा सजवून तिथे पुतळा उभा केला.) गिटारच्या मोकळ्या सुरावटींखाली बर्नी लेडनचा बॅन्जो दुप्पट लयीत पळत असतो. निर्माता ग्लिन जॉन्सने आग्रहाने घालून घेतलेला हा बॅन्जो काढून टाकला, तर गाण्यातली धाव निघून जाईल. त्यानंतर ‘विची वुमन’: अंधारा मायनर सूर, थापेसारखा ड्रम, हेन्लीचा खरखरीत आवाज. मग एकदम तीन वर्षे ओलांडून ‘लाइन आइज’. सहा मिनिटांहून लांब असलेले हे गाणे एका श्रीमंत, वयस्क माणसाच्या तरुण बायकोची गोष्ट सांगते. ती रात्री शहराच्या दुसऱ्या टोकाला जाते आणि सुटका न होताच परत येते. चौथे ‘ऑलरेडी गॉन’: आपल्याला सोडून देणार असल्याची कुणकुण लागताच आधी स्वतःच निघून जाणारा आणि त्यात मजा वाटणारा माणूस. आणि शेवटी ‘डेस्पेराडो’: पियानो, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राची तंतुवाद्ये आणि कुंपणावर बसून राहिलेल्या एकट्या माणसाला कुणीतरी केलेली विनवणी.

या पाच गाण्यांत वर्षे १९७२, १९७२, १९७५, १९७४, १९७३ अशी येतात. काळाचा क्रम पाळलेला नाही, तरी एक क्रम आहे. माणूस रस्त्यावर निघतो, एका बाईच्या मोहात सापडतो, दुसरीची फसवणूक पाहतो, तिसरीला सोडतो आणि बाजूच्या शेवटी त्याला कुणीतरी विचारते की हे असे किती दिवस चालणार. प्रत्येक गाणे वेगळ्या माणसाचे आहे, पण एकामागून एक ऐकताना ती एकाच माणसाच्या आयुष्यातली पाच ठिकाणे वाटू लागतात.

दुसरी बाजू हीच वाट पुन्हा चालते, फक्त आता रात्र अधिक झाली आहे. ‘वन ऑफ दीज नाइट्स’ मध्ये बेसचा घुमारा आणि रिदम अँड ब्लूजचा ठेका आहे. नेमके काय शोधतो आहोत हे न कळलेला माणूस त्यात भटकतो, आणि त्याच्या वर रँडी माइझनरचा उंच आवाज तरंगत राहतो. ‘टकीला सनराइज’ मध्ये उजाडते, पण ती रात्रभर पिऊन पाहिलेली पहाट आहे. दिवसभर राबणाऱ्या मजुराची. ‘टेक इट टू द लिमिट’ तीन मात्रांच्या वॉल्ट्झमध्ये आहे. आपल्या कानाला ही चाल दादऱ्याच्या जवळची वाटते. दमलेला, तरीही थांबता न येणारा माणूस माइझनर इतक्या वर नेऊन सोडतो की त्या स्वरांचे पुढे त्यालाच ओझे झाले. दौऱ्यांत रोज रात्री तो स्वर लावण्यावरून वाद झाले आणि १९७७ मध्ये त्याने बँड सोडला. नंतर ‘पीसफुल ईझी फीलिंग’: वाळवंटातली रात्र, तारे आणि मिळाले नाही तरी चालेल असे प्रेम. शेवटी ‘बेस्ट ऑफ माय लव्ह’. या गाण्यात पहिल्यांदाच दोन माणसे एका घरात, एकमेकांसमोर आहेत. रोजची भांडणे झाली, दोघांनीही आपापल्या परीने प्रयत्न केला, आणि तो पुरला नाही.

म्हणजे दोन्ही बाजू रस्त्यावर किंवा रात्रीत सुरू होतात आणि दोन्ही बाजूंचा शेवट हेन्लीच्या आवाजात, संथ लयीत, थांबण्याच्या प्रश्नाशी होतो. एवढी घट्ट बांधणी मूळच्या चार अल्बमपैकी फार तर एकात सापडेल. इथे भरतीचे गाणे एकही नाही. मूळ अल्बममध्ये ‘चग ऑल नाइट’सारखी गाणी आहेत आणि ती पुन्हा शोधून ऐकावीत असे मी कोणाला सांगणार नाही. एक तबकडी म्हणून हे संकलन आपल्या स्रोतांपेक्षा सरस आहे, हे आधी मान्य करायला हवे. त्याचे श्रेय खपाला नाही, निवडीला आहे.

मग गमावले काय? पहिली गोष्ट म्हणजे भांडण. या चार वर्षांत बँडच्या आत एक खरा सांगीतिक वाद चालू होता. बर्नी लेडन फ्लाइंग बरिटो ब्रदर्समधून आलेला, बॅन्जो आणि ब्लूग्रासमध्ये मुरलेला. फ्राय आणि हेन्लीला रॉकची धार हवी होती. पहिले दोन अल्बम ग्लिन जॉन्सने लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केले. तिसऱ्याच्या मध्यावर बँडने त्याला सोडले आणि लॉस एंजेलिसमध्ये बिल शिमझिककडे काम सुरू केले. डॉन फेल्डरची इलेक्ट्रिक गिटार आली. चौथ्या अल्बमपर्यंत पारडे पुरते झुकले आणि डिसेंबर १९७५ मध्ये लेडन बाहेर पडला. त्याच्या जागी जो वॉल्श आला. संकलन निघाले ते यानंतर दोनच महिन्यांनी. त्यात १९७२ चा बॅन्जो आणि १९७५ चा नृत्याकडे झुकणारा ठेका इतके गुण्यागोविंदाने शेजारी बसले आहेत की या दोन्हींमध्ये कधी ओढाताण झाली असेल, असे ऐकणाऱ्याला वाटत नाही. एका वादाचा निकाल लागला होता. तबकडीवर वादही राहिला नाही आणि निकालही.

लेडनचेच उदाहरण घ्या. दहापैकी पाच गाणी फ्रायने गायली, चार हेन्लीने आणि एक माइझनरने. लेडनच्या आवाजातले एकही नाही. त्याची वाद्ये जागोजागी आहेत आणि ‘विची वुमन’ची मूळ कल्पना त्याची, पण गाणारा म्हणून तो या संकलनात नाही. ग्रॅम पार्सन्सच्या मृत्यूनंतर त्याने लिहिलेले ‘माय मॅन’ हे मित्राला निरोप देणारे गाणे बाहेर राहिले. बॅन्जो आणि तंतुवाद्यांची साडेसहा मिनिटांची ‘जर्नी ऑफ द सॉर्सरर’ ही रचनाही बाहेर राहिली. तिला १९७८ मध्ये अनपेक्षित घर मिळाले: बीबीसीने ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ या नभोवाणी मालिकेसाठी ती शीर्षकसंगीत म्हणून वापरली. ज्यांनी ती मालिका ऐकली त्यांतल्या कितीतरी जणांच्या कानांत ईगल्सचा एक सूर आहे. ‘ग्रेटेस्ट हिट्स’वरून मात्र त्यांना तो कधी ओळखता येणार नाही.

दुसरी हानी मोठी आहे, आणि ती समजण्यासाठी ‘डेस्पेराडो’ या १९७३ च्या अल्बमकडे जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओक्लाहोमा आणि कॅन्ससच्या मुलखात बँका आणि रेल्वे लुटणाऱ्या डूलिन-डाल्टन टोळीवर हा सबंध अल्बम बेतलेला आहे. ५ ऑक्टोबर १८९२ रोजी कॅन्ससमधल्या कॉफीविल गावात एकाच वेळी दोन बँका लुटायला गेलेल्या डाल्टन भावांच्या टोळीला गावकऱ्यांनी गाठले. त्यांची प्रेते ओळीने मांडून काढलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. अल्बमच्या मागच्या वेष्टनावर बँडने तेच छायाचित्र पुन्हा उभे केले: चौघे ईगल्स, शेजारी जॅक्सन ब्राउन आणि जे. डी. साउदर, सगळे बांधलेल्या प्रेतांसारखे जमिनीवर पडलेले. रॉक गायक हा आजचा दरोडेखोर आहे, हे नुसते मिरवणे त्यात नाही. त्याचा शेवट कसा होतो तेही दाखवले आहे. ‘सर्टन काइंड ऑफ फूल’ या गाण्यात एका गरीब पोराला दुकानाच्या खिडकीत एक चकचकीत वस्तू दिसते. ती पिस्तूल की गिटार, हे गाणे सांगत नाही, आणि सगळा अल्बम त्या न सांगण्यावर उभा आहे.

या अल्बममध्ये ‘डेस्पेराडो’ हे गाणे पाचवे, पहिल्या बाजूचे शेवटचे. आणि त्याच्या आधी ‘टकीला सनराइज’. संकलनातही ते पाचवेच आहे, पहिल्या बाजूच्या शेवटीच आहे. जागा तीच, पण अर्थ वेगळा. मूळ अल्बममध्ये विनवणी झाल्यावर तबकडी उलटली की गोष्ट पुढे जाते. विनवणी ऐकली गेली नाही हे कळत जाते आणि शेवटच्या रचनेत तीच चाल परत येते, तेव्हा उशीर झालेला असतो. संकलनात गाण्यापुढे काहीच घडत नाही. विनवणी हवेत राहते, आणि ऐकणाऱ्याला ती ऐकली जाईल अशी आशा धरता येते. दरोडेखोराची शोकांतिका एका एकट्या माणसाला दिलेल्या प्रेमळ सल्ल्यात बदलली. लग्नांत, निरोपसमारंभांत आणि दुःखाच्या प्रसंगी हे गाणे गायले जाऊ लागले ते या रूपात.

तरीही इथे संकलनाला दोष देऊन मोकळे होता येत नाही. ‘डेस्पेराडो’ अल्बम क्रमवारीत ४१ व्या क्रमांकावर अडला होता. गाणे ईगल्सचे सिंगल झाले नव्हते. त्याला पहिला मोठा श्रोतृवर्ग मिळाला तो लिंडा रॉन्स्टाटमुळे. तिने १९७३ मध्येच ‘डोन्ट क्राय नाउ’ या आपल्या अल्बमात ते गायले. १९७१ मध्ये फ्राय आणि हेन्ली तिच्याच साथीला वाजवत होते, आणि बँड आकाराला आला तो त्या साथीतून. तिच्या आवाजानंतर हे गाणे कोट्यवधी घरांत नेले ते १९७६ च्या संकलनाने. मूळ कलाकृतीत एक अर्थ होता आणि तो थोड्यांपर्यंत पोचला. संकलनाने तो अर्थ पातळ केला आणि गाणे जगवले. या दोन्ही गोष्टी एकाच निर्णयाच्या आहेत, आणि एक स्वीकारून दुसरी नाकारता येत नाही.

संकलनाने एक गोष्ट अशीही उघड केली, जी कदाचित त्याला उघड करायची नव्हती. सुटी सुटी ऐकताना ही गाणी देखणी वाटतात. दहा एकत्र आल्यावर त्यांतल्या बायका मोजल्या जातात. एक जादूगारीण, एक खोटारडी, एक सोडून देण्याजोगी, आणि ‘टेक इट ईझी’ मध्ये तर डोक्यावर ओझे झालेल्या सात जणी. त्यांच्यातली एकही स्वतःच्या तोंडाने बोलत नाही. ‘लाइन आइज’ मध्ये सांगणाऱ्याला तिच्याबद्दल कळवळा आहे, पण तिने ज्याच्याशी पैशासाठी संसार मांडला त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांकडे गाणे वळून बघत नाही. खोटे डोळे तेवढे तिचे. पुरुषाचा थकवा हा अनुभव, आणि बाईचा थकवा हा स्वभाव, असा हा हिशेब आहे. ‘बेस्ट ऑफ माय लव्ह’ तेवढे वेगळे, कारण त्यात दोष वाटून घेतला आहे. चाळीस गाण्यांच्या पसाऱ्यात ही सवय लपून गेली असती. निवडक गाण्यांच्या अल्बममध्ये कवीच्या सगळ्या सवयी एका रांगेत उभ्या राहतात, आणि तो गुणही आहे.

भारतात इंग्रजी गाणी ऐकणाऱ्या बहुतेकांना ईगल्स म्हटले की ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ आठवते. शिलाँग असो, कोलकाता असो की पुणे, गिटार शिकणारा मुलगा आज ना उद्या त्या गाण्याच्या सुरावटींपाशी येतोच. या संकलनात ते गाणे नाही, आणि असू शकत नव्हते: त्या नावाचा अल्बम डिसेंबर १९७६ मध्ये आला, संकलनानंतर दहा महिन्यांनी. संकलन बाजारात जोरात चालले असताना बँड तो अल्बम ध्वनिमुद्रित करत होता. रस्त्यावरचा मोकळा माणूस आता अशा हॉटेलात शिरला होता जिथून बाहेर पडता येत नाही. म्हणजे ज्या प्रश्नावर संकलनाच्या दोन्ही बाजू संपतात, थांबायचे कुठे या प्रश्नावर, त्याचे कडवट उत्तर दहा महिन्यांनी आले, दुसऱ्या अल्बममध्ये. १९७६ च्या मार्चमध्ये हे संकलन घेणाऱ्याला बँडची गोष्ट पूर्ण झाल्यासारखी वाटली असणार. प्रत्यक्षात तिचा अर्धा भाग उरला होता. ‘१९७१–१९७५’ हे आकडे म्हणून मला शीर्षकातला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतात. निवड कधी केली हे तरी ते सांगतात.

निवड कधी केली, कोणी केली, कशासाठी केली: हे प्रश्न आपल्याला परके नाहीत. या नियतकालिकाचे वाचक एकमेकांच्या भाषांकडे जातात ते मुख्यतः निवडींच्या वाटेने. बंगाली न येणाऱ्या मराठी वाचकाचे जीवनानंद दास ‘बनलता सेन’पाशी सुरू होतात आणि पुष्कळदा तिथेच संपतात. मराठी न येणाऱ्याला मर्ढेकर म्हणजे उंदरांची एक कविता. तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. गाऊन, ऐकून बहुतेक मराठी माणसांच्या ओठांवर असलेले त्यांतले थोडेच, आणि त्या थोड्यांतला तुकोबा शांत आणि कृतार्थ. गाथेतला भांडणारा, बायकोपोरांच्या उपासमारीने पोळलेला, देवालाच जाब विचारणारा तुकोबा त्या थोड्यांत क्वचित भेटतो. दिलीप चित्रे यांनी १९९१ मध्ये ‘सेज तुका’ या नावाने तुकोबा इंग्रजीत नेला तेव्हा त्यांनीही निवडच केली, आपल्या क्रमाने लावली. पण तिच्यावर त्यांची सही होती, आणि तुकोबांकडे आपण कसे पाहतो हे त्यांनी प्रस्तावनेत मांडले होते. वाचकाला त्या दृष्टीशी सहमत व्हायची किंवा भांडायची सोय राहिली.

‘देअर ग्रेटेस्ट हिट्स’ला अशी प्रस्तावना नाही. वेष्टनावर बॉइड एल्डर या टेक्ससच्या चित्रकाराने रंगवलेली गरुडाची कवटी तेवढी आहे. शीर्षक म्हणते की ही निवड लोकांनी केली, क्रमवारीने केली. आम्ही फक्त एकत्र बांधली. वर पाहिल्याप्रमाणे ते खरे नाही. निवड करणारा स्वतःला आकड्यांच्या मागे लपवतो तेव्हा ऐकणाऱ्याची भांडायची सोय जाते. ६४ व्या क्रमांकाचे गाणे आत घेणारा आणि ५९ व्या क्रमांकाचे बाहेर ठेवणारा हा संपादक चांगल्या कानाचा होता. त्याने समोर येऊन सांगितले असते की मला या बँडमध्ये दरोडेखोर ऐकू येत नाही, एक दमलेला वाटसरू ऐकू येतो, तर ते एक उत्तम समीक्षाविधान झाले असते.

शेवटी त्या ३ कोटी ८० लाखांविषयी. २०१६ पासून अल्बमच्या खपात सुट्या गाण्यांचीही मोजणी होते: दहा गाणी उतरवून घेतली किंवा १५०० वेळा गाणी स्ट्रीमवर ऐकली गेली की एक अल्बम विकला असे धरतात. आधीच्या २००६ च्या मोजणीत आकडा २ कोटी ९० लाख होता. नंतरच्या वाढीत अशा सुट्या ऐकण्याचाही वाटा आहे. चार अल्बममधून दहा गाणी सुटी करणारे हे संकलन आता स्वतःही सुटे होत आहे. पहिल्या बाजूच्या शेवटी ‘डेस्पेराडो’ येते ते ‘ऑलरेडी गॉन’च्या उन्मादानंतर, हे स्ट्रीमवर ऐकणाऱ्याला कळण्याचे कारण नाही. १९७६ मध्ये हेन्लीच्या गाण्यांचे जे झाले तेच आता या निवडीचे होते आहे.

म्हणून ज्यांच्याकडे हा अल्बम आहे त्यांनी तो एकदा दिलेल्या क्रमाने, बाजू बदलताना थांबून, पूर्ण ऐकावा. तो तसा ऐकण्याच्या योग्यतेचा आहे. मग ‘डेस्पेराडो’ अल्बम पहिल्या रचनेपासून शेवटच्या पुनरावृत्तीपर्यंत ऐकावा आणि त्यानंतर ‘जर्नी ऑफ द सॉर्सरर’. तीनही मिळून दोन तासांहून कमी वेळ लागतो. ज्या वाटसरूला आपण इतकी वर्षे ओळखत होतो त्याच्या खिशात पिस्तूल होते आणि त्याच्या शेजारी बसून एक जण बॅन्जो वाजवत होता, हे त्या दोन तासांत कळेल.